चढणीचे मासे



जुलै महिन्यातल्या एका सोमवारी आठवीतला एक मुलगा ओल्या गोणपाटात गुंडाळलेला मासा घेऊन शाळेत आला. "सर, माशाच्या पोटात काय असते ते प्रत्यक्ष दाखवीन असे तुम्ही म्हणाला होता ना? बाबांनी काल दोन पकडले. एक आईने केला, एक तुमच्यासाठी ठेवला." मासा रोहू होता, वजन दोन किलोच्या थोडे वर, आणि पोट टम्म फुगलेले. पोट पाहूनच मला आत काय निघणार याची कल्पना आली होती. पण मुलाचा चेहरा इतका खुललेला होता की मी काही बोललो नाही.

तास घेतला. माशाचे पोट उघडले तर आतडी, यकृत शोधावेच लागले, कारण सगळी जागा गाभोळीने व्यापली होती. गाभोळी म्हणजे मादीच्या पोटातली अंड्यांची पिशवी. काढून काट्यावर ठेवली तर भरली ४०० ग्रॅम. मग वर्गाला काम दिले. अर्धा ग्रॅम गाभोळी मोजून घ्यायची, पाण्यात मोकळी करायची, पांढऱ्या बशीत पसरायची आणि सुईच्या टोकाने एकेक अंडे बाजूला करत मोजायचे. सहा गटांनी मोजले. आकडे थोडे कमीजास्त आले, सरासरी ६११ निघाली. आता ६११ ला २ ने गुणा म्हणजे एक ग्रॅमची अंडी, आणि त्याला ४०० ने गुणा. उत्तर येते ४,८८,८००. गणिताच्या तासाला जांभया देणारी मुलेही त्या आकड्यापाशी गप्प झाली. पुस्तकातही रोहूच्या मादीला वजनाच्या दर किलोमागे साधारण दोन ते तीन लाख अंडी असतात असेच दिले आहे, म्हणजे आमची मोजणी काही चुकली नव्हती.

एका मुलीने विचारले, "सर, हा मासा पकडला नसता तर पाच लाख मासे झाले असते?" नाही. फार थोडे जगतात. काही अंडी फळत नाहीत, काही गाळाखाली दबतात, पिल्ले निघाली की बेडूक, पाणकिडे, पाणसाप, बगळे, मोठे मासे सगळे त्यांच्यावरच पोसतात. म्हणून तर निसर्ग इतकी अंडी देतो. पण पाच लाखांतून जे मूठभर जगायचे, ते तरी आता जगणार नाहीत, एवढे मात्र खरे.

मग मी त्या मुलाला विचारले की मासा मिळाला कुठे. तो म्हणाला, "तलावात नाही सर. तिकडे कोलांसच्या नाल्यात, तलावाला मिळतो ना, तिथे. पाणी चढले होते."

हा लेख त्या उत्तरावरून लिहितो आहे. माझे कॉलेजचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, प्राणिशास्त्राचे सारे शब्द हिंदीतच पाठ केलेले. तेव्हा कुठे मत्स्यबीजाचे मछली-बीज झाले तर मराठीच्या बाईंनी लाल पेन काढू नये ही विनंती. आणि आपल्यापैकी ज्या घरी मासे शिजत नाहीत त्यांनीही लेख पुढे वाचावा. पाणी आपण सगळेच पितो.

आपल्या भोपाळच्या मुलांना नाला म्हटले की काळे पाणी आणि दुर्गंधी आठवते. ती नाक मुरडतात. त्यांचा दोष नाही, शहरात त्यांनी तेवढेच पाहिले आहे. पण माळव्यात नाला म्हणजे ओढा. पावसात वाहणारा, शेतांचे पाणी गोळा करणारा, उन्हाळ्यात डबक्यांपुरता उरणारा. कोलांसला सरकारी कागदावर नदी म्हणतात, पण तीही आषाढात नदी, दिवाळीनंतर ओढा आणि वैशाखात चार डबकी, अशीच आहे. सीहोरकडच्या शेतांतून वाहत ती मोठ्या तलावाच्या पश्चिम टोकाला येते. भोपाळचा मोठा तलाव, ज्याला २०११ पासून भोजताल म्हणतात, तो या कोलांसवरच उभा आहे. अकराव्या शतकात राजा भोजाने तिला मातीचा बांध घातला आणि पाणी अडले. आज आपण कमला पार्कला फिरायला जातो तो रस्ता त्याच बांधावरून जातो. पायाखाली हजार वर्षांपूर्वीचा बंधारा आहे हे भेळ खाताना कुणाच्या लक्षात येत नाही.

तलाव भरला की त्याचा पसारा सुमारे ३१ चौरस किलोमीटर होतो. त्याला पाणी पुरवणारा प्रदेश, म्हणजे पाणलोट, ३६१ चौरस किलोमीटरचा. म्हणजे तलावापेक्षा साधारण बारापट मोठी जमीन आपले पाणी, आपली माती, आणि आता आपली खते व कीटकनाशकेही तलावात पाठवते. १९६५ मध्ये भदभद्याला धरण झाले आणि तलावाची पातळी वाढवता आली. पाऊस चांगला झाला की भदभद्याचे दरवाजे उघडतात आणि सारे भोपाळ छत्र्या घेऊन ते पाहायला जाते. ते पाणी कलियासोतमधून बेतव्याला, बेतव्यातून हमीरपूरजवळ यमुनेला आणि पुढे गंगेला मिळते. तेव्हा आपल्या तलावातला रोहू हा नात्याने गंगेचाच मासा आहे.

आता मूळ प्रश्न. एवढा मोठा तलाव मोकळा पडलेला असताना दोन किलोचा मासा गुडघाभर पाण्याच्या नाल्यात कशाला आला?

रोहू, कटला आणि मृगळ हे तीन मासे आपल्याकडे मोठ्या प्रमाणात खाल्ले जातात. तिघेही एकाच तलावात राहतात पण एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, तो पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म जीव खातो. रोहू मधल्या थरात चरतो, त्याच्या ओठांना झालर असते. मृगळ तळाशी. बाजारात गेलात तर तोंडे नीट पाहा, न विचारता ओळखता येतील. पण तिघांची एक खोड सारखी आहे. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, मोठे होतात, मादीच्या पोटात अंडी तयारही होतात, पण तिथे ती घालत नाहीत. त्यांना वाहते पाणी लागते.

पहिले जोराचे पाऊस झाले की नाल्यातून नवे पाणी तलावात शिरते. हे पाणी तलावाच्या पाण्यापेक्षा थंड असते, गढूळ असते, त्यात हवा जास्त मिसळलेली असते आणि मुख्य म्हणजे त्याला धार असते. माशाला ही धार कळते. मेंदूच्या खाली वाटाण्याहूनही लहान अशी पीयूषिका नावाची ग्रंथी असते, ती या इशाऱ्याने जागी होते आणि रक्तात आपला रस सोडते. मग नर-माद्या धारेच्या उलट पोहत नाल्याच्या तोंडाशी जमतात आणि वर चढतात. काठावरच्या बुडालेल्या गवतात, शेताच्या कडेच्या उथळ पाण्यात मादी अंडी घालते. अंडी पाण्यात पडली की फुगून साबुदाण्याएवढी होतात. उबदार पाण्यात १५ ते १८ तासांत पिल्ले बाहेर पडतात, जिऱ्याच्या दाण्यासारखी दिसतात म्हणून त्यांना मत्स्यजिरे म्हणतात. पुढे बोटाएवढी झाली की बोटुकली. पाणी ओसरू लागले की ती पाण्याबरोबर तलावात उतरतात.

कोकणात या चढणाऱ्या माशांना 'चढणीचे मासे' म्हणतात. काही भागांत 'वलगणीचे' म्हणतात. माझी आजी रत्नागिरीकडची, लग्न होऊन सीहोरला आली आणि पुन्हा समुद्र तिने पाहिला नाही. पण मृगाचा पाऊस लागला की ती दारात बसून "आता चढणीचे चढले असतील" असे म्हणायचीच. तिच्या तोंडचे हे शब्द मी लहानपणी ऐकले, त्यातले शास्त्र बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी कळले. परीक्षेत उत्तर लिहिताना मनात आजीच होती.

या ज्ञानाचा आपल्या देशाला केवढा उपयोग झाला तेही सांगतो. पूर्वी मासे पाळायचे तर पावसाळ्यात नद्यांतून मत्स्यजिरे गोळा करावे लागत. त्यात हवे ते नको ते सगळे मासे मिसळलेले. डॉ. हीरालाल चौधुरी या शास्त्रज्ञांनी विचार केला की धारेचे काम शेवटी पीयूषिकेचा रस करतो, तर तो रसच सुईने टोचला तर? १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे त्यांना यश आले. दुसऱ्या माशाच्या पीयूषिकेचा अर्क टोचलेल्या माद्यांनी बंदिस्त पाण्यात अंडी घातली. १० जुलै हा दिवस म्हणूनच राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. आज तलावांत सोडण्यासाठी बोटुकली विकत मिळते ती याच शोधामुळे.

आपल्या मध्यप्रदेशाचाही यात वाटा आहे, आणि तो मला जास्त आवडतो कारण त्यात सुईसुद्धा नाही. छतरपूर जिल्ह्यातल्या नौगावला सोनार तलैया नावाची एक जागा आहे. तिथे १९५८ मध्ये कोरडा बंध करून पाहिला. उताराच्या जमिनीला तीन बाजूंनी बांध घालायचा, उन्हाळाभर ती जागा कोरडी ठेवायची. पाऊस पडून वरचे पाणी धारेने आत येऊ लागले की अंडी धरलेल्या माद्या आणि नर तिथे आणून सोडायचे. माशांना वाटते नाला आला. ते अंडी घालतात. थोडक्यात, कोलांसचे तोंड जे काम फुकट करते त्याची माणसाने केलेली नक्कल.

इथे हुशार मुले विचारतील, विचारलेही: "सर, बोटुकली विकत मिळते, ती तलावात सोडता येते, मग नाल्यातली अंडी गेली तर काय बिघडले?" प्रश्न रास्त आहे. रोहू-कटला विकत आणता येतात. पण नाल्यात फक्त तेच चढत नाहीत. पडीन चढतो, ज्याला महाराष्ट्रात शिवडा म्हणतात. शिंगी आणि मागूर चढतात, त्यांना हवेतूनही श्वास घेता येतो, त्यामुळे ओल्या गवतातून सरपटत ते या डबक्यातून त्या डबक्यात जातात. मरळ उथळ पाण्यात घरटे करते आणि पिल्लांचा थवा मोठा होईपर्यंत नर-मादी दोघे राखण करतात. मरळीचे आई-बाप पकडले की दोन दिवसांत सारी पिल्ले संपतात. शिवाय बोटभर लांबीचे कितीतरी लहान मासे, ज्यांची नावेही बाजारात कुणी घेत नाही, ते डासांच्या अळ्या खातात आणि हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांचे पोट भरतात. त्यांची बोटुकली कुठल्या केंद्रावर मिळत नाही. २००२ मध्ये आपला मोठा आणि छोटा तलाव मिळून 'भोज वेटलँड' म्हणून रामसर यादीत गेला, तो काही आपल्या बोटिंगसाठी नाही. पश्चिम टोकाला, जिथे कोलांस येते, तिथल्या उथळ पाण्यात सारस उतरतात. तिथे पाणथळ आहे, चारा आहे, मासे आहेत, म्हणून.

आता कायद्याचे. मध्यप्रदेशात १९७२ च्या नदीय मत्स्योद्योग नियमांनुसार १६ जून ते १५ ऑगस्ट हा काळ मासेमारीला बंद असतो. मासा धरणे, विकणे, नेणे सगळेच बंद. मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सूट फक्त ज्या लहान तळ्यांचा नदी-नाल्याशी काही संबंध नाही त्यांना. म्हणजे तलाव बंद आणि नाला मोकळा, असे मुळीच नाही. उलट नाल्याच्या तोंडासाठीच तर बंदी आहे.

हे मी त्या मुलाच्या वडिलांना चिठ्ठी लिहून कळवले आणि जमल्यास भेटायला या म्हणालो. ते दुसऱ्याच दिवशी आले, थोडे रागावूनच. म्हणाले, "सर, आठवडाभर ऑफिसात मान मोडून काम करतो. एक रविवार मिळतो, मुलाला घेऊन जातो. मुले मोबाइल सोडून पाण्यावर येतात, तुम्हीच सभेत सांगता ना तसे? आणि दोन मासे काढल्याने तलाव रिकामा होतो का?" त्यांचे निम्मे बोलणे मला पटले होते. मुलाला निसर्गात नेणारे वडील मला हवेच आहेत. मी त्यांना मुलांनी केलेल्या मोजणीची वही दाखवली, बाकी काही बोललो नाही. त्यांनी ४,८८,८०० चा गुणाकार स्वतः पुन्हा करून पाहिला. मग म्हणाले, "दोन मासे होते सर. दुसऱ्यातही गाभोळी होती. आम्ही तळून खाल्ली."

मी त्यांना माझी गोष्ट सांगितली. सीहोरला असताना दहा-बारा वर्षांचा असेन, मामाबरोबर नाल्यावर जात असे. मामा नाल्याला आडवी बांबूची चटई लावायचा, मधे एक फट ठेवायचा, आणि फटीपुढे मी जुने धोतर धरून बसायचो. चढणारा प्रत्येक मासा माझ्या धोतरात. एका सकाळी आम्ही बादली भरली. त्या वेळी मला फार मोठा पराक्रम वाटला होता. आता गळाने दोन मासे काढणाऱ्याला मी काय बोलणार? गळाला निदान एकच मासा लागतो. चटईने सगळी वाटच बंद होते.

त्या गृहस्थांना आणि मुलाला घेऊन पुढच्या शनिवारी मी तलावावर गेलो. मासेमार वस्तीतले एक वयस्क गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. ते जाळे विणत बसले होते. दोन महिने तेच काम, जाळी दुरुस्त करायची, नावेला डांबर द्यायचे. बंदीच्या काळासाठी एक बचत-राहत योजना आहे, त्यात मासेमाराने आधी आपल्या पदरचे थोडे भरायचे, सरकार त्यात भर घालते आणि कामबंदीच्या महिन्यांत ते पैसे मिळतात. "उससे घर चलता है क्या?" असे विचारले तर ते नुसते हसले. मग त्या मुलाकडे पाहून म्हणाले, "बेटा, हम दो महीने भूखे बैठते हैं कि मछली अंडे दे। और इतवार को गाड़ीवाले आकर नाले से ले जाते हैं।" त्यांना या मुलाचे काही माहीत नव्हते. ते सहजच बोलले. मुलगा वडिलांकडे पाहू लागला, वडील पाण्याकडे.

परत येताना त्या आजोबांनी मुलाला जाळ्याचा आस दाखवला. आस म्हणजे जाळ्याचे एक भोक. आस मोठा ठेवला तर लहान मासा निसटतो आणि पुढच्या वर्षी मोठा होऊन येतो. मच्छरदाणीच्या कापडाने मासे धरणारे जिरेसुद्धा सोडत नाहीत. त्यांनी चार बोटे आत घालून दाखवली, "इतना हो तो ठीक।" हा धडा मी तासभर फळ्यावर शिकवला असता तरी इतका पोचला नसता.

मासेमारीचे सांगताना दुसरी बाजू टाळता येत नाही. नाल्याचे तोंड फक्त गळाने बिघडत नाही. वरच्या शेतांतली माती वाहून येऊन तलाव उथळ होतो. २००८-०९ च्या दुष्काळात तलाव इतका आटला होता की हजारो भोपाळकरांनी श्रमदान करून गाळ उपसला, आपल्या शाळेतली मुलेही टोपल्या घेऊन गेली होती. जे तेव्हा दहावीत होते ते आता पालक म्हणून सभेला येतात. काठाने नव्या वसाहती झाल्या, त्यांचे सांडपाणी नाल्यांत येते. आणि आपला मराठी समाज म्हणून एक गोष्ट आपल्यालाच बोलली पाहिजे: गणपती. भोपाळात घरोघरी आणि मंडळांत गणपती बसवण्यात आपण पुढे आहोत, मग विसर्जनाचा हिशोबही आपलाच. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती विरघळत नाही, रंग पाण्यात उतरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये याविषयी नियमावली काढली. शाळेचा गणपती यंदाही शाडूचाच असेल आणि तो अंगणातल्या हौदात विसर्जित होईल. विश्वस्त मंडळींनी हौदाची गळती तेवढी श्रावणापूर्वी दुरुस्त करून द्यावी, गेल्या वर्षी पाणी दुसऱ्या दिवशी उतरले होते.

आणखी एक सूचना. बाजारात 'थाई मागूर' म्हणून स्वस्त मासा मिळतो. तो आफ्रिकी मागूर आहे, भारतात २००० सालापासून त्याच्या पालनावर बंदी आहे, कारण तो आपल्या देशी माशांना आणि त्यांच्या पिल्लांना खाऊन संपवतो. घरी हौसेने पाळलेला कुठलाही परदेशी मासा कंटाळा आला म्हणून तलावात सोडू नये.

मुलांसाठी काम: घरातल्या आजी-आजोबांना त्यांच्या गावच्या माशांची, ओढ्यांची नावे विचारून वहीत लिहा. ग्वाल्हेर, इंदूर, सोलापूर, बेळगाव, कोकण, जिथले असतील तिथली. एकाच माशाला किती नावे मिळतात ते पाहा. मी स्वतः 'शिंगाडा' शब्दापाशी अडकलो होतो. इकडे पाण्यात पिकणारे फळ, तर महाराष्ट्रात त्याच नावाने मिशीवाला मासाही मिळतो.

सहावी ते नववीच्या मुलांची कोलांसच्या तोंडाची सहल नवरात्रानंतरच्या पहिल्या रविवारी आहे. तोपर्यंत पाणी निवळते आणि बोटुकली काठाने दिसते. सकाळी सात वाजता शाळेतून बस निघेल. टोपी, पाण्याची बाटली, जुने बूट, वही आणि असल्यास दुर्बीण आणावी. त्या दिवशी गळ आणू नये. दहावीच्या सरावाच्या परीक्षेमुळे दहावीला येता येणार नाही, त्यांनी नाराज होऊ नये. पालकांपैकी दोघांना बरोबर यायला जागा आहे. त्यातली एक जागा आठवीतल्या त्या मुलाच्या वडिलांनी आधीच सांगून ठेवली आहे.